मिरजगावची वाघोली होण्याआधी

नगरहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर मिरजगाव येतं. तालुका कर्जत, जिल्हा पूर्वीचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर. तालुक्याचं ठिकाण नसूनही इथली बाजारपेठ आजूबाजूच्या बऱ्याच गावांना पुरते. गावाला रेल्वे नाही. माल आणि माणसं, दोन्हींची ये-जा रस्त्यानेच. त्यामुळे रोडलगतचं रान आणि आतलं रान यांच्या भावात मोठी तफावत. अशा बहुतेक गावांत घडतं ते असं: कृषी सेवा केंद्र रोडला, टायरवाला रोडला, हॉटेल रोडला, मंगल कार्यालयही रोडला. प्लॉट पाडले तर जाहिरातीत पहिले शब्द ‘रोड टच’.

शहरांच्या सार्वजनिक वाहतुकीवरचा लेख मिरजगावपासून सुरू करायला कारण आहे. आपल्याकडे वाहतुकीची चर्चा कोंडी झाल्यावर सुरू होते. मग उड्डाणपूल, बीआरटी (बससाठी राखीव मार्गिका), मेट्रो, इलेक्ट्रिक बस असे उपाय निघतात. पण बस घरापर्यंत पोचणार की नाही, हे त्याच्या वीस-तीस वर्षं आधी ठरून गेलेलं असतं. ते ठरतं तेव्हा ती जागा शहर नसते. ती ग्रामपंचायत असते आणि तिथे रानं गुंठ्यांनी विकली जात असतात. मिरजगाव आज त्या वळणावर आहे.

वेळेवर सुटणारी गाडी

या जिल्ह्याला सार्वजनिक वाहतुकीचा धडा नवा नाही. महाराष्ट्रातली पहिली एसटी १ जून १९४८ रोजी नगरहून पुण्याला सुटली. बेडफर्डची गाडी, लाकडी बॉडी, तीस आसनं. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. मोटारगाड्या त्याआधीही धावत होत्या. खासगी ‘सर्व्हिस मोटारी’ होत्या, पण त्या मालकाच्या मर्जीने चालत आणि भरल्याशिवाय हलत नसत. एसटीने खरी भर घातली ती वेळापत्रकाची. चार माणसं असोत की चाळीस, गाडी ठरल्या वेळी सुटणार हे वचन नवं होतं.

दुसरी भर जागेची. पुढच्या काही दशकांत एसटीने गावोगावी मोक्याच्या जागा घेतल्या, स्टँड बांधले, फलाट आखले. पुष्कळ तालुक्यांत नगररचना म्हणावी असं एवढंच एक काम झालं. स्टँडसमोर बाजार वाढला, लॉज आले, शाळा-कॉलेजं चालण्याच्या अंतरावर उभी राहिली. गाडी कुठे थांबणार हे आधी ठरलं आणि गाव तिच्याभोवती वाढलं. पुढे उलटं होऊ लागलं: गाव हवं तिकडे वाढायचं आणि गाडीने त्याच्यामागे धावायचं.

एसटीची पहिली इलेक्ट्रिक गाडी, ‘शिवाई’, १ जून २०२२ रोजी याच पुणे-नगर मार्गावर निघाली. गाडी बदलली, इंधन बदललं. मात्र प्रवाशाचा पहिला प्रश्न १९४८ सालचाच राहिला: पुढची गाडी किती वाजता?

ताशी गाडीचं गणित

हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा खोल आहे. समजा मिरजगावहून वीसेक किलोमीटरवरच्या कर्जतला जायचंय आणि बसमध्ये अर्धा तास जातो. गाडी तासाला एक असेल आणि तुम्ही वेळ न बघता स्टँडवर आलात, तर सरासरी अर्धा तास वाट बघावी लागते. दोन गाड्यांमधल्या अंतराच्या निम्मी, हा साधा हिशेब. म्हणजे एकूण एक तास, त्यातला निम्मा उभ्याने.

आता सुधारणा करायची आहे. रस्ता इतका गुळगुळीत केला की गाडीचा वेग दुप्पट झाला, असं धरू. प्रवास पंधरा मिनिटांवर आला, थांबणं तेवढंच राहिलं. एकूण पंचेचाळीस मिनिटं. उलट रस्ता आहे तसा ठेवून गाडी दर वीस मिनिटांनी सोडली, तर सरासरी दहा मिनिटं थांबणं आणि तीस मिनिटं प्रवास, एकूण चाळीस. वेग दुप्पट करण्यापेक्षा फेऱ्या तिप्पट करणं प्रवाशाला जास्त वेळ वाचवून देतं. शिवाय पोटात गोळा येत नाही: ही चुकली तर वीस मिनिटांत दुसरी आहेच. दहा मिनिटांच्या आत गाडी येऊ लागली की माणसं वेळापत्रक बघणंच सोडून देतात. मुंबईच्या लोकलला गर्दीचे इतके हाल सोसून लोक टिकून आहेत, त्यामागे हेही एक मोठं कारण आहे.

मोटरसायकल जिंकते ती इथेच. तिला थांबणं शून्य. घरात हप्त्याची गाडी आली की त्या घरातली माणसं एसटीच्या हिशेबातून निघून जातात. प्रवासी घटले की फेरी ‘भारमान नाही’ म्हणून बंद होते, आणि फेरी बंद झाली की उरलेले प्रवासीही दुचाकी घेतात. यात मागे राहतात त्या शाळकरी मुली, म्हातारी माणसं आणि ज्यांच्या घरातली एकच गाडी कर्ता पुरुष घेऊन जातो त्या बाया. शेजारच्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांच्या नावाने ग्रामीण भागातल्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो. योजना उत्तम आहे. पण पास खिशात असून शाळा सुटल्यावर दोन तास गाडी नसेल, तर त्या पासाची किंमत बापाच्या काळजीत वळती होते.

शहरात याच्याच जोडीला आणखी एक दुखणं असतं. अर्धा तास बस नाही आणि मग एकामागे एक तीन. लोक चालकाला नावं ठेवतात, पण कारण वेगळंच असतं. एक बस सिग्नलला पाच मिनिटं अडकली की पुढच्या थांब्यावर पाच मिनिटांचे जादा प्रवासी साठतात. त्यांना चढवण्यात ती आणखी मागे पडते. मागच्या बसला प्रवासी कमी मिळतात, म्हणून ती भरभर येऊन पहिलीला गाठते. वेळापत्रक कागदावर कितीही नेटकं असलं तरी बसला कोंडीतून जावं लागत असेल तर हे होणारच. म्हणून बसला वेगळी मार्गिका द्यायची. त्यात वेगापेक्षा मोठा फायदा असतो तो वेळेवर येण्याचा.

जागेचा हिशेबही बसच्या बाजूचा आहे. साधारण बारा मीटर लांबीची बस पन्नासेक माणसं नेते. तीच माणसं कारने निघाली, दर कारमध्ये दीड माणूस धरला, तर तेहतीस-चौतीस कार लागतात. केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाचं मुख्य सूत्रच असं की रस्त्याची जागा वाहनांऐवजी माणसांच्या हिशेबाने वाटावी. नुसतं रुंदीकरण करून भागत नाही, हे अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहराने दाखवून दिलं. तिथला केटी फ्रीवे २००८ मध्ये काही ठिकाणी बाजूच्या रस्त्यांसह सव्वीस मार्गिकांपर्यंत रुंद झाला. काही वर्षांतच गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला, कारण रुंद रस्त्याने नव्या गाड्या आणि लांबची नवी घरं बोलावून घेतली.

नगर रोडवरचा धडा

नगरहून सुटलेली ती पहिली एसटी पुण्याच्या अलीकडे वाघोलीतून गेली. तेव्हाची वाघोली नगर रोडवरचं एक गाव होती. आज या जिल्ह्यातून पुण्यात नोकरीला गेलेल्या कुणालाही वाघोलीची ओळख करून द्यावी लागत नाही. खराडीला आयटी आली तसतशी मागच्या गावांत घरं वाढली. वाघोली ग्रामपंचायतच होती. वसाहती उभ्या राहिल्या, टँकर आले, रोडवर रांगा लागल्या आणि मग ३० जून २०२१ रोजी तेवीस गावं पुणे महापालिकेत घेतली, त्यांत वाघोली आली. त्याआधी २०१७ मध्ये अकरा गावं घेतली होती. म्हणजे आधी इमारती, मग महापालिका, मग विकास आराखडा. क्रम पूर्ण उलटा.

उपाय झाले नाहीत असं नाही. डिसेंबर २००६ मध्ये पुण्याने देशातला पहिला बीआरटीचा प्रयोग स्वारगेट-कात्रज-हडपसर बाजूला केला. २०१६ मध्ये येरवड्यापासून नगर रोडवरही बीआरटी आली आणि पुढे तिचा काही भाग काढून टाकला गेला. मार्च २०२४ मध्ये मेट्रो रामवाडीपर्यंत पोचली. जून २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रामवाडी ते वाघोली-विठ्ठलवाडी आणि वनाज ते चांदणी चौक हे विस्तार मंजूर केले. दोन्ही मिळून पावणेतेरा किलोमीटर, खर्च ३,६२६ कोटी. एका किलोमीटरला सुमारे २८४ कोटी रुपये.

मेट्रो हवीच. पण ती हमरस्त्यावर थांबेल आणि घर आत दीड किलोमीटरवर असेल. त्या दीड किलोमीटरची गोष्ट गुंठ्यात दडलेली आहे.

एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. रोडपासून आत जाणारी एकराची पट्टी विकायला काढली की एजंट मधोमध दहा-बारा फुटांची वाट सोडतो आणि दोन्ही बाजूंना एक-एक, दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडतो. वाट जितकी अरुंद, तितके विकायला गुंठे जास्त. शेजारच्या पट्टीचा मालक वेगळा, त्याची वाट वेगळी, आणि दोन वाटा एकमेकींना कुठेच मिळत नाहीत. प्रत्येक वाट शेवटी कुणाच्या तरी बांधाला जाऊन संपते. बसची रुंदी अडीच मीटर, म्हणजे सव्वाआठ फूट. बारा फुटांच्या बोळात ती शिरली तर समोरून दुचाकीही निघायची पंचाईत, आणि वळायला जागा नाही. अग्निशमनाची गाडी, कचऱ्याची गाडी, रुग्णवाहिका यांचं तेच. शेजारच्या कॉलनीतली शाळा भिंतीपलीकडे दिसते, पण तिथे जायला आधी हायवेवर यावं लागतं. मुलं दुचाकीच्या मागे बसून हायवेने शाळेत जातात. लोक म्हणतात हायवेवर ट्रॅफिक वाढलं. त्यातला मोठा हिस्सा आतल्या आत चालत जाता आलं असतं अशा माणसांचा असतो.

पुढे २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली अशी बांधकामं शुल्क भरून नियमित करून घेता येतात. कागद नियमित होतो, बोळ बारा फुटांचाच राहतो.

चारी आधी, पाणी मग

शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. रानात चारी आधी काढतात, मग पाणी सोडतात. पाणी सोडून झाल्यावर चारी काढायला गेलं की सगळं वाफ्यात पसरतं. शहराची चारी म्हणजे रस्त्यांची जाळी. साधारण अर्ध्या ते एक किलोमीटरवर बस जाईल असे, एकमेकांना मिळणारे रस्ते असले की कुठल्याही घरातून पाचसात मिनिटं चालून थांबा गाठता येतो. हे रस्ते इमारती उभ्या राहण्याआधी राखावे लागतात.

राखायचे कसे? आपला नेहमीचा मार्ग विकास आराखड्याचा. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली नकाशावर रस्ता दाखवतात आणि जागा संपादन करतात. ज्याच्या रानातून रस्ता जातो त्याचं सगळं जातं आणि शेजाऱ्याच्या जमिनीला भाव येतो. साहजिकच पहिला कोर्टात जातो. पैसे नसल्याने जागा वर्षानुवर्षं घेतलीच जात नाही. दहा वर्षं गेली की मालक कलम १२७ खाली नोटीस देतो आणि मुदतीत संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत तर आरक्षण उडतं. कागदावरचे कितीतरी रस्ते असेच विरले.

दुसरा मार्ग नगररचना योजनेचा. याची मुळं आपल्याच भूमीत आहेत, १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यात. यात कुणा एकाची जमीन घेत नाहीत. सगळ्या पट्ट्या कागदावर एकत्र करतात, त्यातून रस्ते, मैदान, शाळा, दवाखाना यांना जागा काढतात आणि उरलेली जमीन चौकोनी, रस्त्याला लागून असलेल्या प्लॉटांच्या रूपाने मूळ मालकांना त्यांच्या हिश्श्याप्रमाणे परत देतात. चाळीस गुंठे देणाऱ्याला समजा चोवीस-पंचवीस परत मिळाले. आकडा कमी दिसतो. पण आधी वाकडीतिकडी, वाट नसलेली पट्टी होती, आता रुंद रस्त्यावरचे प्लॉट आहेत. एजंटला कवडीमोलाने रान देऊन टाकण्यापेक्षा मालकाच्या हातात जास्त पडतं, आणि तो त्याच गावात जमिनीचा धनी राहतो.

१९६० पर्यंत गुजरात आणि महाराष्ट्र एकाच राज्यात होते आणि नगररचनेचा कायदा दोघांचा एकच होता. वेगळे झाल्यावर महाराष्ट्राने भर आराखड्यांवर दिला आणि नगररचना योजना मागे पडल्या. गुजरातने त्या चालू ठेवल्या. अहमदाबादभोवतीचा ७६ किलोमीटरचा सरदार पटेल रिंग रोड उभा करताना याच योजनांचा मोठा आधार झाला, आणि २००९ मध्ये तिथली ‘जनमार्ग’ बससेवा सुरू झाली तेव्हा तिला धावायला रुंद रस्ते तयार होते. अहमदाबादची बस निर्दोष आहे असं नाही, पण तिथे पुष्कळ ठिकाणी बससाठी इमारती पाडत बसावं लागलं नाही. महाराष्ट्रात आता पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (पीएमआरडीए) म्हाळुंगे-माण भागात आणि सिडकोने नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या ‘नैना’ क्षेत्रात या योजना पुन्हा हाती घेतल्या आहेत. हडपसरच्या मगरपट्ट्यात तर शेतकरी कुटुंबांनी स्वतःच चारशेएक एकर एकत्र करून गाव वसवलं. भावकीत बांधावरून भांडणं होतात हे खरं, पण हिशेब चोख असला तर एकत्र येणंही होतं.

कुणाच्या हातात काय

मग हे सगळीकडे का होत नाही? उत्तर राज्यघटनेच्या दोन अनुसूचींत सापडतं. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवता येतील असे अठरा विषय आहेत. पहिला विषय नगररचना, दुसरा जमीनवापराचं नियमन. सतराव्या विषयात दिवाबत्ती, वाहनतळ, बसथांबे आणि स्वच्छतागृहं आहेत. बसथांबा आहे, बस नाही. शहराने शेड बांधायची, तिच्यासमोर गाडी येणार की नाही हे दुसरं कुणीतरी ठरवणार. पुण्यात बस पीएमपीएमएलची, मेट्रो महामेट्रोची, शहरातले रस्ते महापालिकेचे, बाहेरच्या भागाचं नियोजन पीएमआरडीएचं, सिग्नलवर पोलीस. लंडनने २००० साली बस आणि मुख्य रस्ते एका संस्थेखाली आणले, २००३ मध्ये भुयारी रेल्वेही तिच्याकडे आली. आपल्याकडे अशा एकत्रित प्राधिकरणाची शिफारस जुनी आहे, पण अधिकार आणि पैसा हातात नसलेलं प्राधिकरण बैठकीपुरतंच उरतं.

गावाची अडचण याहून मोठी आहे. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत एकोणतीस विषय आहेत. त्यांत रस्ते आहेत, बाजार आणि जत्रा आहेत, पण नगररचना किंवा जमीनवापराचं नियमन नाही. आता जनगणनेकडे बघा. लोकसंख्या किमान पाच हजार, काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान पंचाहत्तर टक्के शेतीबाहेर, आणि चौरस किलोमीटरला किमान चारशे माणसं, अशी वस्ती जनगणना ‘शहर’ मानते, भले तिथे ग्रामपंचायत असो. देशात अशी ‘जनगणना शहरं’ २००१ मध्ये १,३६२ होती, २०११ मध्ये ३,८९४ झाली. दहा वर्षांत जवळपास तिप्पट. व्यवहार शहराचा, अधिकार गावाचे. वाघोली नेमकी याच फटीत वाढली.

मिरजगावला आज करता येईल असं

अधिकार कमी असले तरी मिरजगाव अगदी हात बांधून बसलेलं नाही. पहिली गोष्ट हायवेची. राष्ट्रीय महामार्गालगत वस्तीबाहेर रस्त्याच्या मध्यापासून चाळीस मीटरवर इमारत रेषा आणि पंचाहत्तर मीटरवर नियंत्रण रेषा असा दंडक आहे. तो पाळला गेला तर उद्या बसला थांबायला, माणसाला चालायला आणि वडापच्या जीपला बाजूला उभं राहायला जागा उरते. टपऱ्या पक्क्या झाल्यावर हीच जागा परत मिळवायला पोलीस बंदोबस्त लागतो.

दुसरी गोष्ट आतल्या रस्त्यांची. गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आतल्या जमिनींना बिनशेतीची वाट कायद्याने सोपी झाली आहे. म्हणजे प्लॉट आधी तिथेच पडणार. दोनतीन बारा मीटरचे रस्ते कुठून कुठे जावेत आणि कुणाच्या बांधावरून, हे गावाने आधीच ठरवून ग्रामसभेत ठराव करावा, आणि नगररचना विभागाकडून त्याला कायदेशीर रूप मिळवून घ्यावं. प्रत्येक नव्या लेआउटचा रस्ता शेजारच्या रस्त्याला जोडलेला हवा, एवढी एक अट पाळली तरी अर्धं काम होतं. गाव पुढे शहर झालं नाही, तरी त्याच रस्त्याने ऊस बाहेर पडेल आणि शाळेची बस आत येईल.

तिसरी गोष्ट गाडीची. इथून जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या वेळा मिरजगावकडे बघून ठरत नाहीत. त्या ठरतात सुटण्याच्या आणि पोचण्याच्या गावाच्या सोयीने. म्हणून मागणी ‘जादा गाडी द्या’ अशी मोघम नसावी. कर्जत आणि नगरकडे सकाळी सहा ते रात्री आठ, दर तासाला ठरलेल्या मिनिटाला गाडी, आणि शाळा सुटण्याच्या वेळेशी जुळणारी एक फेरी, अशी नेमकी असावी. सात-पाच, आठ-पाच, नऊ-पाच. असं वेळापत्रक तोंडपाठ होतं. स्टँडवर फळा नसला तरी चालतो.

यातलं काहीच फुकट होणार नाही. मोजणीची फी भरावी लागेल, चार खातेदारांना दोन-दोन गुंठे सोडायला राजी करावं लागेल, ग्रामसभेत आवाज चढतील. पण आज हा खर्च लाखांत आणि बैठकांत मोजता येतो. गाव वाढून गेल्यावर तोच किलोमीटरला २८४ कोटींच्या भाषेत मोजावा लागतो, आणि तरीही शेवटचा दीड किलोमीटर पायीच राहतो.